आयकर फायनल सुधारित तीन

‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ ही म्हण परभणी जिल्ह्यात जन्मलेल्या माणसाला कुणी शिकवत नाही, ती त्याला येतच असते. ती कशावरून पडली असं विचारलं तर चार जण चार गोष्टी सांगतात आणि चारही गोष्टींत परभणीच वरचढ ठरते. मात्र ती नेमकी कोणत्या विषयात लागू पडते हे आजवर ठरलेलं नव्हतं. रस्त्यांत लागू पडत नाही, हे एसटीने प्रवास करणाऱ्याला सांगायला नको. २०२६ च्या फेब्रुवारीत ताडकळसला तो विषय सापडला. विषय निघाला आयकर.

ताडकळस हे पूर्णा तालुक्यातलं मोठं गाव. गावाला स्वतःचं पोलीस ठाणं आहे, स्वतःची कृषी उत्पन्न बाजार समिती आहे, त्यामुळे आसपासच्या खेड्यांच्या लेखी ताडकळस म्हणजे शहर. परभणीकरांना ते खेडं वाटतं, तो त्यांचा प्रश्न. इथे आयकराशी संबंध येणारी माणसं तीन प्रकारची. नोकरदार, म्हणजे मुख्यतः शिक्षक. आडते आणि दुकानदार. आणि तिसरी ती, ज्यांना आपल्याला आयकर लागतो हे बँकेने ठेवीच्या व्याजातून कापून घेतल्यावर कळतं. बाकी सगळं गाव शेतकरी. १८६० साली जेम्स विल्सनसाहेबाने हिंदुस्थानात पहिला आयकर आणला तेव्हा शेतीही त्यात धरली होती. १८८६ च्या कायद्याने ती वगळली, आणि तिला पुन्हा आत घ्यायची छाती दिल्लीतल्या एकाही सरकारला आजवर झालेली नाही.

अर्थात हे दोन्ही कायदे आमचे नव्हेतच. आम्ही निजामाचे. हैदराबाद संस्थानाचा स्वतःचा आयकर कायदा आला तो फसली १३५७ साली, म्हणजे १९४७-४८ मध्ये, सत्तेचे शेवटचे महिने उरले असताना. जाता जाता माणसं दिवाबत्ती बंद करतात, निजामाने आयकर चालू केला. सप्टेंबर १९४८ मध्ये आम्ही मुक्त झालो आणि एप्रिल १९५० पासून दिल्लीच्या आयकरात आलो. मराठवाड्याला ज्या असंख्य गोष्टी उशिरा मिळाल्या त्यांतलीच ही एक. हिचा अनुशेष भरून काढा म्हणून मात्र कुणी कधी मोर्चा काढल्याचं ऐकिवात नाही.

तर फेब्रुवारी. शेतात हरभरा काढणीला आलेला असतो, ज्वारी निसवून हुरड्याच्या पलीकडे गेलेली असते, आणि गावातले समस्त गुरुजी अचानक गंभीर होतात. फेब्रुवारीच्या पगारबिलासोबत वर्षभराच्या आयकराचा हिशेब द्यायचा असतो आणि उरलेला कर त्याच पगारातून कापला जातो. म्हणून फेब्रुवारीचा पगार हा शिक्षकाच्या घरात पाहुण्यासारखा येतो. दारातून येतो, पाणी पितो आणि निघतो. या दिवसांत गुरुजींचे व्हॉट्सॲपचे गट बघावेत. एरवी ज्यावर सुप्रभात, गुलाबाची फुलं आणि सेवानिवृत्तीचे शुभेच्छा-फलक येतात, त्यावर एकाएकी एक्सेलच्या फायली कोसळू लागतात. ‘आयकर २०२५-२६’. मागोमाग ‘आयकर २०२५-२६ सुधारित’. मग ‘आयकर फायनल’. मग, फायनलनंतर काही उरत नाही असा ज्यांचा समज आहे त्यांच्यासाठी, ‘आयकर फायनल सुधारित’, आणि अखेरीस ‘आयकर फायनल सुधारित तीन’. दोन कुठे गेला ते कुणालाच ठाऊक नसतं.

या फायली सरकार करत नाही, कंपनीही करत नाही. त्या कुठल्या तरी जिल्हा परिषद शाळेतला कुणी तरी सर करतो, रात्री जागून, फुकट, हौसेने. महाराष्ट्रातल्या शिक्षकांचा हा उद्योग अभ्यासाचा विषय व्हावा असा आहे. मूळ वेतन टाकलं की महागाई भत्ता आपोआप, घरभाडे आपोआप, व्यवसाय कराचे वर्षाचे २,५०० आपोआप. भविष्य निर्वाह निधी, गट विमा, पतसंस्थेचा हप्ता यांना वेगवेगळे रकाने. जुनी करप्रणाली डावीकडे, नवी उजवीकडे, आणि खाली हिरव्या अक्षरांत ‘आपल्यासाठी नवी प्रणाली फायदेशीर’. जरा दर्जेदार फाइल असेल तर सोबत १०-ई. सातव्या वेतन आयोगाची थकबाकी राज्याने २०१६ पासूनची मोजली आणि पाच हप्त्यांत दिली. एका वर्षी हातात आलेला पैसा मागच्या कुठल्या वर्षांचा, हे मांडून सवलत मागायचा फॉर्म म्हणजे १०-ई. तो हाताने भरलेला माणूस मी अजून पाहिलेला नाही. पाहिला तर त्याच्या पाया पडेन.

आणि अशा प्रत्येक फाइलच्या पहिल्या पानावर तीन गोष्टी हमखास असतात: कर्त्याचा कोटातला फोटो, ‘फक्त पिवळ्या रकान्यातच माहिती भरावी’ ही सूचना, आणि पासवर्ड. पिवळ्या रकान्याबाहेर कुठेही बोट लागलं की फाइल खेकसते. आतलं सूत्र कुणाला दिसत नाही.

इथे आमच्या गावाची एक गंमत सांगितली पाहिजे. ताडकळसला गुरुजींचं उत्पन्न ही गुप्त गोष्ट नाही. कुठला गुरुजी वेतनाच्या कितव्या स्तरावर आहे, निवडश्रेणी कधी लागली, महागाई भत्ता किती टक्क्यांनी वाढला, हे गुरुजींच्या आधी किराणा दुकानदाराला कळतं आणि तो त्याप्रमाणे उधारीची मर्यादा वाढवतो. सोयरिकीला आलेला पाहुणा हॉटेलात चहा पिता पिता मुलाच्या बापाचा पगार हजाराच्या फरकाने अचूक काढून उठतो. म्हणजे जे झाकून ठेवायचं ते, माणसाचं उत्पन्न, गावभर उघडं. आणि जे उघडं असायला काहीच हरकत नाही ते, म्हणजे संसदेने राजपत्रात छापून सगळ्या देशाला सांगितलेल्या दरांचा गुणाकार, तो मात्र पासवर्डात.

आता दुसरं पात्र. मुख्य रस्त्यावर एका पोराचं मल्टीसर्व्हिसेसचं दुकान आहे. झेरॉक्स, लॅमिनेशन, पॅन कार्ड, पीक विमा, सातबारा, रेल्वे तिकीट, लग्नपत्रिका असं सगळं एका फलकावर मावलेलं. पोरगा परभणीला बी.एस्सी. कॉम्प्युटर झालेला. त्याच्या दुकानातला संगणक विंडोजवर चालत नाही. यामागे काही विचारसरणी वगैरे नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ला रामराम ठोकला आणि विंडोज ११ म्हणालं, तुझ्या मशीनमध्ये टीपीएम नावाची चिप नाही, मी येत नाही. नवं मशीन घ्यायचं तर सोयाबीनचा भाव बघून वडील बोलायचे बंद होतात. मग पोराने मित्राकडून पेन ड्राइव्ह आणला आणि लिनक्स ही फुकट मिळणारी प्रणाली चढवली. गावातले लोक सुरुवातीला दुकानात शिरून पडद्याकडे संशयाने बघायचे. पण झेरॉक्स काळी-पांढरीच निघते म्हटल्यावर त्यांनी तो विषय सोडला.

लिनक्सवाल्याची अडचण आयकर खात्याच्या दारात सुरू होते. खात्याच्या संकेतस्थळावर विवरणपत्र भरायची एक्सेल फाइल फुकट मिळते. ती उघडली की म्हणते, मॅक्रो, म्हणजे माझ्या पोटातले छोटे प्रोग्राम, चालू करा. ते मॅक्रो मायक्रोसॉफ्टच्याच एक्सेलमध्ये चालतात. लिनक्सवरच्या लिब्रेऑफिसमध्ये ते नुसते बसून राहतात, ग्रामसभेला आलेल्या पाहुण्यासारखे नव्हे, ग्रामसभेला न आलेल्या सदस्यासारखे. संगणकावर बसवायची दुसरी एक युटिलिटी आहे, ती विंडोजवरच बसते. आता याच भारत सरकारने २०१५ साली धोरण जाहीर केलं की सरकारी कामात मुक्तस्रोत, म्हणजे आतलं सूत्र सगळ्यांना बघता येईल अशा, सॉफ्टवेअरला प्राधान्य द्यावं. आणि याच भारत सरकारच्या सी-डॅक या संस्थेने, जिचं मुख्यालय आपल्या पुण्यात आहे, लिनक्सवर आधारलेली ‘बॉस’ नावाची अस्सल देशी प्रणाली २००७ मध्येच काढली. म्हणजे सरकारच्या संगणकप्रणालीवर सरकारची करप्रणाली चालत नाही. सरकारचा सरकारवर विश्वास नसेल तर आपण तरी कुठवर ठेवायचा?

खात्याची बाजूही मांडली पाहिजे, नाहीतर नोटीस यायची. थेट ऑनलाइन भरायची सोय आहे, तिला कुठलाही ब्राउझर चालतो, आणि साध्या पगारदाराचं विवरणपत्र आधीच अर्धं भरलेलं समोर येतं. ते खरोखर चांगलं आहे. शिवाय खातं दरवर्षी प्रत्येक फॉर्मचा आराखडा आणि तपासणीचे नियम जाहीर करतं: कुठल्या रकान्यात काय यावं, कुठली बेरीज कुठल्या रकमेशी जुळावी. ज्याला हौस आहे त्याने ते वाचून आपलं सॉफ्टवेअर लिहावं, तयार झालेली जेसन फाइल संकेतस्थळावर चढवावी. अडचण इतकीच की खात्याचं स्वतःचं सूत्र चालतं कसं, ते कुणाला बघता येत नाही. आपण आपला हिशेब पाठवायचा. खात्याच्या बंगळुरूच्या केंद्रातून कलम १४३ (१) ची सूचना येते, तिच्यात डावीकडे आपला आकडा, उजवीकडे त्यांचा. दोन्ही जुळले तर देवाची कृपा. नाही जुळले तर त्यांचा बरोबर.

असो. एका दुपारी आमचे एक गुरुजी, निवृत्तीला दोन-तीन वर्षं राहिलेले, त्या दुकानात आले. चेहरा उतरलेला. हातात मोबाइल, मोबाइलात ‘आयकर फायनल सुधारित’.

“बाबा रे, याची प्रिंट काढ. अन् काढायच्या आधी एकदा बघ. मला तर हे काही खरं वाटंना.”

गुरुजींचं वर्षाचं एकूण वेतन १२,८५,०००. त्यातून नव्या प्रणालीतली ७५,००० ची प्रमाणित वजावट गेली की १२,१०,०००. आणि त्यावर फाइल कर दाखवत होती ६३,९६०. वर्षभर महिन्याला ९०० प्रमाणे ९,९०० कापून झालेले. राहिलेले ५४,०६० एकट्या फेब्रुवारीतून.

“बारा लाखापर्यंत काहीच नाही म्हणून टीव्हीवर सांगितलं होतं,” गुरुजी म्हणाले. “मी दहा हजारानं वर गेलो तर चौसष्ट हजार? दहा हजार जास्तीचे मिळाले म्हणून चौसष्ट हजार दंड? त्यापेक्षा ते दहा हजार परत घ्या म्हणावं.”

हे वाक्य त्यांनी वैतागून म्हटलं होतं. पण त्यांना माहीत नव्हतं की कायद्यानेही हेच म्हटलं आहे. उत्पन्न १२ लाखांपर्यंत असेल तर सवलतीमुळे कर शून्य. त्याच्या किंचित वर गेलं तर ‘सीमांत सवलत’ मिळते: बारा लाखांच्या वर जेवढे रुपये मिळाले त्याहून जास्त कर घ्यायचा नाही. म्हणजे गुरुजींचा कर १०,००० आणि त्यावर चार टक्के उपकर ४००. फाइलने मात्र चार लाख ते आठ लाख पाच टक्के, आठ ते बारा दहा टक्के, पुढे पंधरा टक्के असा सरळ गुणाकार करून ६१,५०० काढले होते आणि वर उपकराचे २,४६० लावून मोकळी झाली होती. गणित बरोबर, कायदा चूक.

पोराने रकान्यावर क्लिक केलं. फाइल खेकसली. पासवर्ड.

“सरांना फोन लावा.”

गुरुजींनी लावला. शीटवाले सर वर्गावर होते. मग पोराने एक काम केलं, जे सांगताना तो आवाज खाली करतो पण ज्यात काही जादू नाही. एक्सेलची फाइल म्हणजे आतून नुसती झिप असते. नाव बदललं, उघडली, आत साध्या मजकुराच्या फायली सापडल्या. त्यात पान कुलूपबंद ठेवणारी एक ओळ होती. ती पुसली आणि पुन्हा गुंडाळली. कुलूप गेलं. गुरुजी म्हणाले, “अरे, हे तर सातबाऱ्यापेक्षा सोपं निघालं.” आणि ते बरोबरच होतं. सूत्र दिसलं. सीमांत सवलतीचा पत्ताच नव्हता. पोराने ती घातली, आकडा १०,४०० वर आला, फेब्रुवारीतून कापायचे राहिले ५००.

गुरुजींनी पाचशे हा शब्द तीनदा उच्चारला आणि दुकानातल्या सगळ्यांना चहा सांगितला. झेरॉक्सला आलेल्या दोन अनोळखी माणसांनाही.

संध्याकाळपर्यंत गावातल्या निम्म्या शिक्षकांचे आकडे बदलले होते, आणि दुसऱ्या दिवशी हॉटेलात पंचायत बसली. शीटवाले सर शेजारच्या गावातून मोटारसायकलवर आले होते. चिडले होते, आणि त्यांचं चिडणं अगदीच चूक होतं असं मला वाटत नाही.

“रात्री दोन-दोन वाजेपर्यंत जागून मी शीट बनवली. कुणाकडून एक रुपाया घेतला? अन् तू कुलूप तोडतो?”

“सर, चूक होती म्हणून...”

“चूक होती तर मला सांगायची! पासवर्ड मी काय हौसेनं टाकला? पासवर्ड नसला तर लोकं सूत्रावरच पगार टाइप करतेत, सूत्र उडतं, अन् मग गटावर लिहितेत, सरांची शीट बोगस हाय!”

यावर बसलेल्या सगळ्या शिक्षकांनी माना डोलावल्या. त्यांतल्या अनेकांनी सूत्र उडवलेलं होतं.

पोरगा म्हणाला, “सर, उडू द्या की. मूळ फाइल तर तुमच्यापाशी राहतेच. कुणाची बिघडली तर पुन्हा द्यायची. पण सूत्र दिसत असतं तर ही चूक पहिल्याच दिवशी कुणीतरी धरली असती. तीनशे मास्तरांनी फाइल वापरली, एकानंबी आत बघितलं नाही. बघताच येत नव्हतं.”

तेवढ्यात कोपऱ्यातल्या टेबलावरून एक आडते बोलले. ते आतापर्यंत गप्प होते, कारण उत्पन्न या विषयावर गप्प राहण्याची त्यांना सवय आहे. “म्हणजे हिशेब उघडा ठिवा म्हणायलास. उद्या म्हणशील, दुकानाबाहेर फळ्यावर नफा लिवा.”

“तुमचा आकडा तुमच्यापाशीच, काका. रीत तेवढी उघडी.”

“मग ठीक हाय,” आडते म्हणाले, आणि त्यांना मनापासून हायसं वाटल्याचं दिसलं.

पोराला श्रोते मिळाले होते. तो सुटला. म्हणाला, हे काय मी एकटा म्हणत नाही. ब्राझीलमध्ये तिथल्या कर खात्याने विवरणपत्र भरायचा प्रोग्राम दिला, पण त्याचं सूत्र दिलं नाही. तिथले आलेक्झांड्रे ऑलिव्हा नावाचे गृहस्थ म्हणाले, मी कर भरायला तयार आहे, पण ज्याच्या आत काय आहे हे दिसत नाही असा प्रोग्राम माझ्या संगणकात घेणार नाही. त्यांनी २००७ साली तो प्रोग्राम आतून उलगडला आणि त्याची खुली आवृत्ती काढून लोकांना वाटली.

“कर भरला का पण त्यांनी?” गुरुजींनी विचारलं.

“भरला म्हणूनच तर एवढं केलं.”

हॉटेलात शांतता पसरली. कर चुकवण्यासाठी एवढी मेहनत घेणारी माणसं सगळ्यांना माहीत होती. भरण्यासाठी घेणारा हा पहिलाच.

मग फ्रान्स. तिथे सरकारच्या कर मोजण्याच्या प्रोग्रामचं सूत्र लोकांनी मागितलं, आणि २०१६ मध्ये सरकारने ते खुलं केलं. उघडून बघतात तर ते ‘एम’ नावाच्या एका भाषेत लिहिलेलं, जी कर खात्याने स्वतःपुरती केली होती. मग संशोधकांनी ती भाषा समजून घेण्यासाठी वेगळा प्रोग्राम लिहिला. शीटवाले सर इथे पहिल्यांदा हसले. म्हणाले, “माझ्या शीटमध्येबी रकाना एएच ४२ काय करतो ते मला आता आठवत नाही. पण काढला की सगळं बंद पडतं.”

अमेरिकेत तर सरकारने खासगी कंपन्यांच्या नाकावर टिच्चून ‘डायरेक्ट फाइल’ नावाची फुकट सोय काढली. २०२४ मध्ये १२ राज्यांत, पुढच्या वर्षी २५ राज्यांत. २०२५ मध्ये तिचं बहुतेक सूत्र जगासाठी खुलं केलं आणि त्यानंतरच्या हंगामापासून ती सोयच बंद केली.

“म्हणजे पाककृती छापली अन् खानावळ मोडली,” आडते म्हणाले.

मग ताडकळसमध्ये जो प्रश्न यायचा तो आलाच. “अन् जर्मनीत?”

पोराने चहाचा घोट घेतला. जर्मनीत एल्स्टर नावाची सरकारी व्यवस्था आहे. सॉफ्टवेअर करणाऱ्यांना सरकार ‘एरिक’ नावाचा एक तयार भाग देतं, तो आपल्या प्रोग्राममध्ये जोडून विवरणपत्र पाठवायचं. पण एरिकच्या आत काय चालतं ते बंद. सूत्र देत नाहीत.

“म्हणजे पासवर्ड,” गुरुजी म्हणाले.

“पासवर्डच म्हणा.”

“अन् आपला?”

“आपला तर काल मोडला.”

हॉटेलात जो आनंद पसरला त्याचं वर्णन करणं कठीण आहे. क्रिकेटचा सामना जिंकल्यावर असा पसरत नाही. एका ज्येष्ठ मास्तरांनी तिथल्या तिथे म्हणीत दुरुस्ती सुचवली आणि ती एकमताने मंजूर झाली. परभणी आधी, जर्मनी नंतर. शीटवाल्या सरांनीही हात वर केला, आणि जाताना पोराला पासवर्ड सांगून गेले. तो त्यांच्या मुलीचं नाव आणि जन्मसाल असा होता. गावातल्या सगळ्यांना तो आधीच सुचायला हवा होता.

गुरुजींचं प्रकरण मात्र इथे संपलं नव्हतं. फेब्रुवारीचा हिशेब वेगळा आणि विवरणपत्र वेगळं, हे समजायला पगारदार माणसाला निम्मी नोकरी लागते. गुरुजींना सवय होती सगळ्यांत सोप्या फॉर्मची, ज्याचं नाव सरकारने ‘सहज’ ठेवलं आहे. पण सहजला एक अट आहे. शेतीचं उत्पन्न ५,००० रुपयांपेक्षा जास्त असेल तर सहज चालत नाही. मग फॉर्म दोन, म्हणजे पुढे पानंच पानं. शिवाय शेतीचं उत्पन्न करमुक्त असलं तरी ते मोजणीत धरून पगारावरचा दर ठरवतात. आता पूर्णा तालुक्यातला गुरुजी म्हटल्यावर त्याला चार एकर असणारच. २०२५-२६ साठी सोयाबीनचा हमीभाव ५,३२८ रुपये क्विंटल. म्हणजे हमीभावाने एक क्विंटल सोयाबीन विकलं की गुरुजी सहजातून बाहेर. एका क्विंटलने माणसाची जात बदलावी तसा फॉर्म बदलतो. दिल्लीत ही पाच हजारांची रेघ ज्याने ओढली त्याने सोयाबीनचं पोतं आयुष्यात उचललेलं नसावं.

आणि पुढे जाऊन शेतीचं उत्पन्न पाच लाखांवर गेलं तर तो फॉर्म विचारतो, जमीन कुठल्या जिल्ह्यात, पिनकोड काय, किती एकर, स्वतःची की खंडाने, पाण्याची की पावसावरची. हा शेवटचा रकाना वाचून गुरुजी बराच वेळ थांबले होते. म्हणाले, यात तिसरा पर्याय पाहिजे, ‘पावसावरची, पण पाऊस काढणीला येतो’.

“गुरुजी, शेतीचं किती धरू?” पोराने विचारलं.

“तीस क्विंटल झालं होतं. बाजार समितीत घातलं, हमीभाव काही मिळाला नाही.”

“म्हणजे लाखाच्या वर. सहज गेला.”

“अरे पण बी, खत, फवारणी, मळणी, काढणीची मजुरी? ते कुठं टाकायचं?”

“खर्च वजा जाताच धरायचं.”

गुरुजींनी खिशातून डायरी काढली. शिक्षकाची डायरी, तारीखवार, लाल शाईत बेरजा. दोघांनी मिळून हिशेब केला. अतिवृष्टीत गेलेला वाफा, दुबार पेरणी, हार्वेस्टर, हमाली. शेवटी पोराने पडदा गुरुजींकडे वळवला. उत्पन्न उणे निघालं होतं.

“म्हणजे?”

“म्हणजे पाच हजाराच्या आत. सहज चालतो.”

गुरुजी क्षणभर खूश झाले, आणि मग आपण कशावर खूश झालो हे लक्षात येऊन गप्प बसले. पोराने आपल्या शीटमध्ये तेव्हाच एक नवा रकाना घातला: शेती, खर्च वजा जाता. ‘सुधारित तीन’ ती हीच.

ही तिसरी आवृत्ती त्याने कुलपाशिवाय सोडली. पहिल्या पानावर शीटवाल्या सरांचा फोटो आणि नाव तसंच ठेवलं, खाली स्वतःचं बारीक अक्षरांत, आणि त्याखाली जगभरच्या कित्येक मुक्तस्रोतवाल्यांची जी अट असते ती मराठीत लिहिली: ही फाइल कुणीही वापरावी, बदलावी, वाटावी, बदल केला तर तोही असाच उघडा ठेवावा.

“अन् नाही ठेवला तर?” शीटवाल्या सरांनी विचारलं होतं.

“तर काही नाही. आपण काय कोर्टात जाणार?”

ताडकळसहून निघालेली फाइल पूर्ण्याला गेली, पालमला गेली, गंगाखेडला गेली, आणि मार्चच्या आधीच एका फिरत्या संदेशातून पुन्हा पोराच्याच मोबाइलवर येऊन पडली. आता तिचं नाव होतं ‘आयकर महाफायनल’. पहिल्या पानावर गॉगल घातलेल्या एका अनोळखी साहेबांचा फोटो, खाली ‘निर्मिती व संकल्पना’ आणि त्यांचंच नाव, आणि बाजूला तांबड्या अक्षरांत: ‘शीट मोफत आहे. पासवर्डसाठी संपर्क साधावा.’

शीटवाले सर खवळले. गुरुजी म्हणाले, पोलीस ठाणं गावातच आहे. पोराने काही न बोलता फाइलचं नाव बदललं, झिप उघडली, ती एक ओळ पुसली आणि आत डोकावला. आणि डोकावतच राहिला. गॉगलवाल्या साहेबांनी थकबाकीचा १०-ई जोडला होता, आणि नीट जोडला होता. शिवाय कराची रक्कम जवळच्या दहा रुपयांपर्यंत पूर्णांकात घ्यायची असते, ती गोष्ट पोराच्या नजरेतून सुटली होती. ती त्यांनी दुरुस्त केली होती.

त्याने दोन्ही बदल उचलून ‘सुधारित चार’ काढली, पुन्हा कुलपाशिवाय, आणि कर्त्यांच्या यादीत गॉगलवाल्यांचं नाव तिसऱ्या क्रमांकावर घातलं. दोन दिवसांनी त्यांचा फोन आला. पोराला वाटलं, भांडायला केला असेल. त्यांनी आधी सीमांत सवलतीच्या सूत्राचं कौतुक केलं. म्हणाले, ते मला जमत नव्हतं. मग म्हणाले, नाव टाकलंत ते बरं केलं. आणि फोन ठेवायच्या आधी जरा नाराजीने विचारलं:

“पण मव्हा फोटो कामून काढला?”